फोटोवाल्यांच्या अंगातलं हायपो

फोटोवाल्यांच्या दुकानात नियम दोनच होते. पहिला, पोराला हसवायला खोटं बोलायचं नाही. "ती बघ चिऊ" म्हणायचं तर चिऊ दाखवायलाच हवी, म्हणून कॅमेऱ्याच्या वर त्यांनी कापडाची एक चिमणी टांगून ठेवली होती. दुसरा नियम डार्करूमचा. दारावरचा लाल दिवा पेटलेला असला की दार उघडायचं नाही. आग लागली तरी आधी बाहेरून हाक मारायची आणि आतून 'ये' आलं की मगच कडीला हात लावायचा. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी बायकोला हे समजावून सांगितलं, आणि तिने ते इतकं मनावर घेतलं, की पुढे सासूबाई गेल्या त्या दिवशीही ती दाराबाहेर उभी राहून "अहो, जरा बाहेर येता का, काम होतं" एवढंच म्हणाली.

या बायकोला सगळे वहिनी म्हणत. पोस्टमन म्हणे, दूधवाला म्हणे, समोरचा घड्याळवाला म्हणे. फोटोवाल्यांचा थोरला भाऊसुद्धा एकदा बोलण्याच्या भरात वहिनी म्हणून गेला आणि मग स्वतःच लाजला. तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. दुकानात वहिनींचं काम फोटोवरचे पांढरे ठिपके भरायचं. काचेवर धूळ बसली की प्रिंटवर ठिपका उमटतो, तो चार केसांच्या ब्रशने, रंगाला रंग मिळवून, असा बुजवायचा की ज्याचा फोटो त्यालाही कळू नये. हात हलका होता त्यांचा. फोटोवाल्यांचा हात मात्र जड आणि जीभ त्याहून जड. गिऱ्हाइकाला "मान सरळ करा" असं ते अशा आवाजात सांगत की माणूस मनानेही सरळ होऊन जाई.

मग मोबाइल आले आणि जो तो आपापला फोटोवाला झाला. दुकान बसलं ते बसलंच. फोटोवाल्यांनी ते विकलं, पण डार्करूम मोडायला त्यांचं मन होईना. घरामागच्या अडगळीच्या खोलीत त्यांनी ट्रे मांडले, दोरी बांधून तिला चिमटे लावले, नळ घेतला आणि दारावर तो लाल दिवा बसवला. कुणाचे फोटो धुणार होते कोण जाणे. जुन्या निगेटिव्ह काढून एखादा प्रिंट करायचा, तो उजेडात धरून न्याहाळायचा आणि "काय माणसं होती" म्हणून ठेवून द्यायचा, असं चाले. वहिनी म्हणत, जित्याची खोड आहे, राहू दे.

मधुमेह जुनाच होता. त्याने हळूहळू दोन्ही किडन्या खाल्ल्या आणि फोटोवाले डायलिसिसवर आले. आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलात जायचं, हाताला दोन सुया टोचून घ्यायच्या आणि मशीनने रक्त स्वच्छ करेपर्यंत खुर्चीत पडून राहायचं. या लोकांची मोठी अडचण पाण्याची. किडनी चालत नाही म्हणजे लघवी होत नाही, आणि लघवी नाही म्हणजे प्यायलेलं पाणी अंगातच राहतं. पायावर सूज येते, मग छातीत भरतं. म्हणून दिवसाला जेमतेम दोन पेले, त्यातच चहा, त्यातच गोळ्या गिळायच्या. डायलिसिसची सिस्टर पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "काका, पाणी म्हणजे विष नाही, पण तुमच्यासाठी विषाचा धाकटा भाऊ समजा." फोटोवाल्यांना सिस्टर आवडली. चोख बोलणारी माणसं त्यांना आवडत.

दोन वर्षं हे असं रुळावर चाललं होतं. मग एका सकाळी त्यांच्या डाव्या पोटरीवर जांभळी नक्षी दिसली, कोळ्याने जाळं विणावं तशी. वहिनींना वाटलं, पलंगाचा कोपरा लागला असेल. आठवड्याभरात नक्षीखाली कडक गाठी लागल्या आणि मग एक गाठ फुटली. जखम बोराएवढी होती ती तळहाताएवढी झाली, वर काळी खपली, कडा लालभडक. आणि दुखणं असं की विचारू नका. फोटोवाले कण्हणारे नव्हते. दाढ काढतानाही ते डॉक्टरला "उजेड नीट पडत नाहीये तुमचा" म्हणून सांगत होते. पण आता पांघरुणाचा नुसता काठ लागला तरी त्यांच्या तोंडून एक आवाज निघे, आणि तो आवाज वहिनींनी अख्ख्या संसारात ऐकला नव्हता. त्यांनी फोटो-कागदाचं मोठं खोकं आडवं कापून त्याची कमान केली आणि ती पायावर ठेवली, म्हणजे पांघरूण अधांतरी राहील.

दुखणं म्हटलं की सल्ले आलेच. नणंदबाई आल्या, पाय पाहिला आणि म्हणाल्या, "वहिनी, याची हाडं पोकळ झालीत गं. कॅल्शियम कमी पडतंय." आणि पुढच्या खेपेला कॅल्शियमच्या पावडरीचा भला मोठा डबा घेऊन आल्या. वहिनींनी तो मुकाट्याने सुरू केला. डॉक्टरांच्या कॅल्शियमच्या गोळ्या आधीच चालू होत्या, त्यावर हा चमचा. भावाच्या मायेपोटी आणलेली वस्तू, नाही कसं म्हणायचं?

किडनीच्या डॉक्टरीणबाईंनी जखम पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. दाराशी खुर्ची ओढून त्या बसल्या आणि वहिनींना म्हणाल्या, "चहाच्या किटलीला आतून पांढरा थर धरतो, पाहिलाय ना? तसंच झालंय. कॅल्शियम जिथे जायला नको तिथे, कातडीखालच्या बारीक नळ्यांमध्ये जाऊन बसलंय. नळी बुजली की रक्त पोचत नाही, आणि रक्त नाही पोचलं की कातडी उपाशी मरते. म्हणून इतकं दुखतं." मग त्यांनी विचारलं, "घरी आणखी काही देता का?"

वहिनींना डबा आठवला. त्यांनी खरं ते सांगितलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, म्हणाल्या, "एवढ्या एका डब्याने होत नाही हे. पण आता बंद. गोळ्याही बंद, मी दुसऱ्या देते." नणंदबाईंना कळलं तेव्हा त्या दोन दिवस जेवल्या नाहीत, आणि वहिनींना स्वतःचं दुःख बाजूला ठेवून त्यांची समजूत घालत बसावं लागलं. असंच असतं. ज्याचं जळतं त्यानेच विझवायचं आणि वर शेजाऱ्यालाही धीर द्यायचा.

उपाय असे होते. डायलिसिसचा आणखी एक दिवस वाढवायचा. जखम रोज हलक्या हाताने धुऊन बांधायची, ओढाओढ करायची नाही. दुखण्यावरची गोळी बांधाबांधीच्या आधी द्यायची. आणि डायलिसिस संपता संपता एक औषध शिरेतून सोडायचं, जे साचलेलं कॅल्शियम हळूहळू विरघळवायला मदत करतं. "सगळ्यांना लागू पडतं असं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण आपल्या हातात सध्या हेच चांगलं आहे. सोडियम थायोसल्फेट."

डोळे मिटून पडलेले फोटोवाले ताडकन उठून बसले. "काय म्हणालात?"

"सोडियम थायोसल्फेट."

"हायपो?"

डॉक्टरीणबाईंना हायपो ठाऊक नव्हतं. फोटोवाल्यांनी सांगितलं, आणि कितीतरी महिन्यांनी त्यांचा तो दुकानातला आवाज लागला. "अहो, फोटो कागदावर उमटतो डेव्हलपरने, पण टिकतो हायपोने! हायपोत बुडवला नाही तर उजेडात नेताच काळा पडतो. खडीसाखरेसारखे खडे असतात. पाण्यात टाकले की पाणी गार पडतं, हात घालून बघा. जन्मभर माझे हात त्यात होते." मग ते वहिनींकडे वळून म्हणाले, "ऐकलंस का? हायपो देणार आहेत मला!" आणि हसले. वहिनींनाही हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. डॉक्टरीणबाईंनी तेवढ्यात बजावलं की हे औषधाचं शुद्ध असतं, घरातले जुने खडे कुणी काढून बसू नये.

पहिली बाटली लागली तेव्हा फोटोवाल्यांना मळमळलं, पण त्यांनी कुरकुर केली नाही. बाटली रिकामी झाल्यावर सिस्टरला मात्र विचारलं, "हे आत गेलं. आता पुढे काय?" सिस्टरच्या दोन मशीन एकाच वेळी कोकलत होत्या. ती म्हणाली, "पुढे काय काका, घरी जायचं." फोटोवाल्यांनी मान हलवली.

घरी रोज सकाळी वहिनी जखम बांधत. खिडकीचं दार पूर्ण उघडायचं, हात धुवायचे, जुनी जाळीची पट्टी सलाईनने भिजवून भिजवून सुटी करायची, ती आपणहून सुटेपर्यंत थांबायचं. फोटोवाले छताकडे पाहत दात आवळून बसत. पांढरे ठिपके बुजवताना लागायची तीच चिकाटी इथे लागत होती, फक्त तिथे ब्रश चुकला तर कागद ओरडत नसे आणि इथे माणूस ओरडे. काही आठवड्यांनी काळ्या खपलीची कड सुटली आणि खाली बारीकशी गुलाबी रेघ दिसली. वहिनींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. गुलाबीच होती. त्या दिवशी त्यांनी नणंदबाईंना आपणहून फोन केला.

पण एकीकडे पाय सुधारू लागला आणि दुसरीकडे माणूस बिघडू लागला. डायलिसिसला गेलं की आधी वजन करतात, म्हणजे मधल्या दिवसांत किती पाणी साठलं ते कळतं. फोटोवाल्यांचं वजन दर खेपेला वाढू लागलं. चेहरा सुजे, डोळ्यांच्या फटी होत. मशीनने ते सगळं पाणी ओढताना पोटऱ्यांत असे गोळे येत की खुर्ची हले. सिस्टर ओरडली, "काका, किती पिता?" फोटोवाले म्हणाले, "तुम्ही सांगता तेवढंच." पालथ्या घड्यावर पाणी, असं सिस्टर म्हणाली, आणि मग पाण्याचीच म्हण निघाली म्हणून आणखी चिडली.

एका दुपारी जेवता जेवता त्यांना धाप लागली. ओठ काळेनिळे पडले. रुग्णवाहिका आली, तोंडावर ऑक्सिजन, धावतपळत मशीन. संध्याकाळी ते शुद्धीत होते, पण डॉक्टरीणबाईंनी वहिनींना बाहेर बोलावलं. "फुफ्फुसात पाणी भरलं होतं. या औषधाबरोबर अंगात मीठही जातं, त्याने तहान लागते. असंच चालू राहिलं तर मला ते औषध थांबवावं लागेल. हृदयाला झेपणार नाही."

"आणि पाय?"

"औषध बंद केलं तर जखमा पुन्हा पसरतील. मग त्यात पू होतो, तो रक्तात जातो. पायाचाच नाही, जिवाचाच प्रश्न आहे, वहिनी." बघा, त्याही वहिनीच म्हणू लागल्या होत्या. "एक आठवडा बघते. तेवढ्यात पाणी आवरा."

निघताना सिस्टरने वहिनींचा हात धरून त्यांना जिन्याच्या कोपऱ्यात नेलं. नेहमीची ठणठणीत बाई, पण आवाज खाली आणून बोलली. "मी किती वर्षं हे काम करतेय. कधी कधी माणसाला दुखणं सोसवत नाही ना, मग तो पाणी पितो. मुद्दाम. काही न बोलता. काकांना एकदा विचारून बघा."

ही गोष्ट वहिनींच्या डोक्यात शिरली ती बाहेर पडेना. घरी येऊन त्यांनी पाण्याचं पिंप आपल्या खोलीत नेलं, स्वयंपाकघरातल्या नळाची चावी काढून ठेवली, दिवसाचं पाणी एका बाटलीत भरून ती त्यांच्यासमोर ठेवली. फोटोवाले कशालाच काही बोलले नाहीत, आणि तेच वहिनींना खुपलं. भांडणारा माणूस भांडत नाही म्हणजे त्याने आतून काहीतरी ठरवलेलं असतं. विचारायला तोंड उघडावं आणि "औषधाची वेळ झाली" एवढंच बाहेर पडावं, असं तीन-चार वेळा झालं. नवऱ्याला 'तुम्हाला जगायचंय का' असं विचारायचं कसं? आणि तो 'नाही' म्हणाला तर?

पाणी कुठे मिळतं त्यांना, हे काही केल्या कळेना. वहिनींनी घड्याळवाल्यालाही तंबी दिली की चहा देऊ नकोस. तो बिचारा शपथा घेऊ लागला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. जेवण झालं की फोटोवाले काठी टेकत टेकत डार्करूममध्ये जाऊन बसत आणि लाल दिवा लावत. आजारी माणूस, घटकाभर जुन्या गोष्टींत रमतो, म्हणून वहिनी तिकडे फिरकत नसत. लाल दिव्याचा नियम त्यांच्या हाडात मुरलेला होता.

त्या आठवड्याच्या मध्यावर, वाळत घातलेले कपडे काढायला त्या मागे गेल्या आणि दाराआडून नळाचा आवाज आला. नळ सुरू झाला, थांबला. जरा वेळाने पुन्हा सुरू झाला, थांबला. वहिनी कपडे छातीशी धरून उभ्या राहिल्या. हाक मात्र मारली नाही. मग, संसारात पहिल्यांदाच, त्यांनी लाल दिवा पेटलेला असताना ते दार उघडलं.

"अगं, उजेड!" फोटोवाले आतून खेकसले आणि त्यांनी झटकन समोरच्या ट्रेवर हात आडवे धरले. ट्रे रिकामा होता. स्टुलावर ते बसले होते, बांधलेला पाय खोक्यावर, हातात काचेचा मोठा पेला, हनुवटीवरून पाणी ओघळत होतं. नळाखाली आणखी एक पेला भरून तयार होता.

वहिनींच्या हातातले कपडे खाली पडले. "मरायचंय का तुम्हाला?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "मरायचंय तर तसं सांगा ना. चोरून कशाला? मी रोज तुमच्या पायाशी बसते, ती काय वेडी म्हणून बसते? कंटाळलात ना? दुखण्याला कंटाळलात, मलाही कंटाळलात, तर तसं सांगा!"

फोटोवाले तोंडात मारल्यासारखे बघत राहिले. "मरायचं? मला?"

"मग हे काय चाललंय?"

"धुतोय," ते म्हणाले.

"काय धुताय?"

"मला."

वहिनींना वाटलं, यांचं डोकं फिरलं. पण फोटोवाले दुकानात नव्या गिऱ्हाइकाला समजावत तसं शांतपणे सांगू लागले. "हायपो फोटो टिकवतं खरं. पण मग तो फोटो वाहत्या पाण्यात धुवावा लागतो, तासभर. हायपोचा एक थेंब जरी कागदात राहिला ना, तर फोटो आज झकास दिसतो, आणि दोन-चार वर्षांत पिवळा पडायला लागतो. आधी कडा जातात, मग चेहरे जातात. आमचे गुरुजी सांगायचे, हायपो फोटो वाचवतं आणि धुतला नाहीस तर तेच फोटो खातं. यांनी माझ्यात बाटल्याच्या बाटल्या हायपो ओतलं. धुवायचं नावच नाही! सिस्टरला विचारलं, पुढे काय, तर म्हणे घरी जा."

"डॉक्टरांना विचारायचंत."

"त्यांना हायपोचं नावसुद्धा माहीत नव्हतं, धुवायचं काय कळणार?"

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते काही उगाच नाही. वहिनी दाराला टेकून तशाच खाली बसल्या.

फोटोवाल्यांचं सांगणं अजून संपलं नव्हतं. "पाय बरा होतोय, ते मलाही दिसतंय. पण पाय बरा होऊन दोन वर्षांत मी पिवळा पडलो तर काय उपयोग? मला दोन वर्षं नकोत गं. मला टिकायचंय. तू आहेस तोवर." मग घसा साफ करून, कामाचं बोलतोय असं दाखवत, त्यांनी फळीवरची जुनी बाटली काढली. "आणि मी अंदाजाने नाही करत. तपासून करतो. हे परमँगनेट. शेवटच्या पाण्यात याचा गुलाबी थेंब टाकायचा. रंग राहिला तर फोटो स्वच्छ, रंग उडाला तर हायपो बाकी. हे बघ." त्यांनी वाटीत थोडं गुलाबी पाणी केलं आणि त्यात थुंकले. जरा हलवलं. गुलाबी रंग फिका पडत पडत नाहीसा झाला, मळकट पाणी राहिलं. "बघितलंस? रोज बघतोय. एकदाही रंग टिकला नाही. म्हणून तर आणखी प्यावं लागतं."

वहिनी उठल्या. "द्या इकडे."

त्यांनी दुसऱ्या वाटीत पाणी घेतलं, थेंब टाकला, आणि नवऱ्यासमोर, जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. थुंकल्या. दोघंही लाल उजेडात वाटीवर वाकले. तिथे रंग धड ओळखू येईना, म्हणून वहिनींनी वाटी दारात धरली. गुलाबी रंग फिका पडला आणि गेला.

"तुझ्यातही?" फोटोवाले म्हणाले.

"माझ्यात कुठून येणार हायपो? मला काय बाटल्या लावल्यात?"

फोटोवाले त्या वाटीकडे बघत राहिले. मग आपल्या वाटीकडे. मग भरलेल्या पेल्याकडे. त्यांचा चेहरा असा झाला की वहिनींना त्यांची कणव आली, आणि तेवढ्यात काय झालं कोण जाणे, त्यांना हसू फुटलं. हसता हसता त्या रडू लागल्या. "मला वाटलं, तुम्ही मला सोडून चाललात," त्या म्हणाल्या. फोटोवाल्यांनी आपला जड हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. तो नुसताच तिथे राहिला, काय करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. "वेडी आहेस का तू," ते म्हणाले. भरलेला पेला वहिनींनी मोरीत ओतला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. सिस्टर मध्येच तोंडावर हात दाबून बाहेर गेली आणि परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. ती हसून आली होती की रडून, ते कळलं नाही. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "काका, चूक आमचीही आहे. तुम्ही विचारलं होतंत आणि कुणी उत्तर दिलं नाही. औषध त्याचं काम करतं आणि पुढच्या वेळी तुम्ही मशीनवर आलात की उरलेलं मशीन धुऊन काढतं. तुमचं धुणं आम्हीच करतो. फक्त वाहतं पाणी बाहेर आहे, नळीत. पोटात नाही."

फोटोवाले मशीनकडे बघू लागले. दोन नळ्या, फिरणारं चाक, पाण्याचा पाइप मागे मोरीत गेलेला. "किती वेळ धुतं हे?"

"चार तास."

"चार तास," फोटोवाले म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. "मी तासाच्या वर फोटो कधी धुतला नाही. लावा."

औषध चालू राहिलं. दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं. ही मुंगी तर वाटेत बसून विश्रांती घेणारी होती. काळी खपली थोडी थोडी करत सुटली. गुलाबी रेघ रुंद झाली, मग ती जखमेच्या मध्याकडे सरकली. मधे एकदा दुसऱ्या पायावरही जांभळं जाळं दिसलं, पण ते फुटायच्या आत ओसरलं. पुढे पोटरीवरची मोठी जखम बुजली. घोट्याजवळची एक लहान जखम राहिली, ती अजूनही आहे, आणि वहिनी ती अजूनही रोज बांधतात. पांघरूण मात्र आता पायावर सरळ घेता येतं. ज्या सकाळी ते पहिल्यांदा घेता आलं, त्या सकाळी फोटोवाले उन्हं वर आली तरी पांघरुणातून उठलेच नाहीत.

वजन काबूत आलं. दोन पेले म्हणजे दोन पेले. फोटोवाल्यांनी एकदा शब्द दिला की तो दगडावर कोरल्यासारखा, हे मान्य करायलाच हवं. पण तहान काही शब्द मानत नाही. जीभ टाळूला चिकटते, बोलताना ओठांचा आवाज येतो. ते बर्फाचा तुकडा तोंडात धरून बसत, तो विरघळेपर्यंत कुणाशी बोलत नसत. वहिनींना ते बघवत नसे, म्हणून त्या आपलं पाणी स्वयंपाकघरात, भिंतीकडे तोंड करून, घाईघाईने पीत. पेला वाजू नये म्हणून तो फडक्यावर ठेवत.

एकदा तसं पिताना त्यांना ठसका लागला. बाहेरून फोटोवाल्यांचा आवाज आला, "इकडे ये."

त्या तोंड पुसत गेल्या. "काही नाही, खोकला आला."

"मागचे किती दिवस तू चोरून पितेस?"

वहिनींनी ठसक्याने सांडलेलं पाणी पदराने टिपलं.

"मी दोन महिने चोरून प्यायलोय. चव लागत नाही. नुसतं घशाखाली जातं." ते पलंगावर सरकून बसले आणि त्यांनी बाजूची जागा हाताने झटकली. "पेला भरून आण. इथे बसून पी."

"तुमच्यासमोर?"

"माझ्यासमोर. बघू दे मला. कुणीतरी पोटभर पाणी पिताना किती दिवसांत बघितलं नाही."

वहिनी मोठा पेला काठोकाठ भरून घेऊन आल्या आणि त्यांच्याशेजारी बसल्या. पहिला घोट त्यांनी सवयीने घाईघाईत घेतला. फोटोवाले त्यांच्या तोंडाकडे, गळ्याकडे बघत होते, दुकानात कॅमेऱ्यातून बघत तसे, पापणी न हलवता.

"गार आहे का?"

"आहे."

"मग सावकाश पी ना."

त्या सावकाश प्यायल्या. घोट घोट घेत, मधे श्वास घेत, आवाज होऊ देत. पेला रिकामा झाला तेव्हा फोटोवाल्यांनी एक मोठा श्वास सोडला, स्वतःच प्यायल्यासारखा.

"अजून एक आण," ते म्हणाले.